त्वक्, पत्र आणि तेल : दालचिनीच्या सुगंधाचे एक वाचन

परशुराम कृष्ण गोडे यांचा जन्म १८९१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुख येथे झाला. १९१९ पासून १९६१ मध्ये निधन होईपर्यंत ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक होते. साहित्याच्या विद्यार्थ्याला गोडे आठवतात ते हस्तलिखितांचे काळ ठरविणारे संशोधक म्हणून. त्यांच्या शेकडो लेखांपैकी एका गटाकडे मात्र साहित्याचे अभ्यासक फारसे वळत नाहीत. तो गट भारतीय सुगंधशास्त्राच्या इतिहासाचा आहे. १९४५ साली त्यांनी 'गंधसार' आणि 'गंधवाद' या दोन दुर्मीळ संस्कृत ग्रंथांचा परिचय अभ्यासकांना करून दिला. पहिल्याचा कर्ता गंगाधर. दुसऱ्याचे विशेष असे की त्याच्यासोबत मराठी टीका आहे. पुढे १९८९ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत हे दोन्ही ग्रंथ, मराठी टीकेसह, छापून प्रसिद्ध झाले.

सुगंधी द्रव्ये कशी कुटावी, मुरवावी, मिसळावी हे सांगणाऱ्या ग्रंथावर मध्ययुगात कोणालातरी मराठीत टीका लिहावीशी वाटली, ही गोष्ट मराठी गद्याच्या अभ्यासकाने थांबून पाहावी अशी आहे. आपल्या जुन्या गद्याचा विचार आपण बहुधा पंथीय वाङ्मय, बखरी आणि पत्रव्यवहार यांच्या आधारे करतो. ही टीका त्या तिन्हींत बसत नाही. तिचा विषय हातांनी करावयाचे काम हा आहे, आणि संस्कृत संज्ञेचा अर्थ मराठीत उलगडण्याची गरज त्या कामातूनच निर्माण झाली असावी.

प्रस्तुत लेखात या परंपरेचा विचार एका मर्यादित प्रश्नापुरता करावयाचा आहे. गेल्या काही दशकांत सुगंधोपचार, म्हणजे अरोमाथेरपी, आपल्या शहरांत आणि घरांत स्थिरावली आहे. तिच्या समर्थनार्थ एक वाक्य हमखास ऐकू येते : "हे आपल्या प्राचीन ग्रंथांतच आहे, म्हणून ते निर्धोक आहे." या वाक्याचा पूर्वार्ध काही अंशी खरा आहे. उत्तरार्ध त्यातून निघत नाही. तो का निघत नाही, हे कोकणातील बागांत वाढणाऱ्या दालचिनीच्या तेलाच्या आधारे पाहू.

१

प्रथम नावाचा विचार. संस्कृतात दालचिनीला 'त्वक्' म्हणतात. त्वक् म्हणजे साल. सर्व झाडांना साल असते, परंतु एका झाडाची साल इतकी प्रतिष्ठित झाली की सामान्यनाम हेच तिचे विशेषनाम बनले. 'दालचिनी' हा शब्द फारसी 'दार-चीनी'वरून आला. त्याचा अर्थ 'चीनचे लाकूड'. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' या ग्रंथात 'दारुसिता' असे नाव येते. ऐकताच त्यात 'दारचीनी'चा ध्वनी जाणवतो. कोकणात काही ठिकाणी याच झाडाला 'तिखी' म्हणतात. म्हणजे एक नाव झाडाचा अवयव सांगते, दुसरे व्यापाराचा मार्ग सांगते, तिसरे जिभेचा अनुभव सांगते.

या नावांनी गोंधळही पुष्कळ घातला. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादरूप औषधिग्रंथात दालचिनीवर एक स्वतंत्र संवाद घातला आहे. कॅसिया, सिनॅमोमम आणि पोर्तुगीजांची 'कानेला' ही सर्व एकच वस्तू, असे त्याचे प्रतिपादन आहे. निरनिराळ्या देशांच्या व्यापाऱ्यांनी निरनिराळी नावे दिली आणि ग्रंथकार फसले, हा त्याचा युक्तिवाद. सिंहलद्वीपाची दालचिनी उत्तम आणि मलबारची रानटी दालचिनी हलकी, हा भेद त्याने नोंदविला, परंतु तो एकाच वस्तूच्या प्रतींचा भेद मानला. आजचे वनस्पतिशास्त्र मात्र सिंहली दालचिनी आणि चिनी कॅसिया या दोन वेगळ्या जाती मानते. चिनी कॅसियाच्या सालीत कूमारिन नावाचे द्रव्य बरेच असते आणि ते अधिक प्रमाणात दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताला अपाय करू शकते. सिंहली दालचिनीत ते अत्यल्प असते. आपल्या बाजारात दोन्ही साली 'दालचिनी' याच नावाने विकल्या जातात.

२

'गंधसार'कार सुगंधी द्रव्यांचे आठ वर्ग करतो : पत्र, पुष्प, फल, त्वक्, काष्ठ, मूल, निर्यास आणि जीव. निर्यास म्हणजे झाडाचा डिंक वा राळ, आणि जीव म्हणजे कस्तुरीसारखी प्राणिज द्रव्ये. हे वर्गीकरण वनस्पतींच्या कुळांवरून केलेले नाही. द्रव्य शरीराच्या कोणत्या भागातून आले, यावरून ते केले आहे. आधुनिक वाचकाला असे वर्गीकरण ओबडधोबड वाटण्याचा संभव आहे. दालचिनीच्या बाबतीत मात्र ते नेमके निघते.

दालचिनीच्या एकाच झाडाच्या तीन भागांतून तीन वेगळी बाष्पशील तेले निघतात. सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड हा घटक प्रमुख असतो, साधारणतः अर्ध्याहून अधिक. आपण ज्याला दालचिनीचा वास म्हणतो तो त्याचाच. पानांच्या तेलात युजेनॉल प्रमुख असते, बहुधा सत्तर टक्क्यांच्या वर. त्याचा वास लवंगेकडे झुकतो, कारण लवंगेच्या तेलातही युजेनॉलच मुख्य असते. मुळाच्या सालीच्या तेलात कापूर प्रमुख असतो. झाड एक, परंतु त्वक्, पत्र आणि मूल या तिघांचा रासायनिक स्वभाव वेगळा. (संस्कृत ग्रंथांत 'पत्र' हे नाव बहुधा हिमालयाकडील तमालपत्राला, म्हणजे दालचिनीच्या सगोत्र झाडाच्या पानाला लागते, हे येथे ध्यानात ठेवावे.)

रत्नागिरीच्या दृष्टीने हा भेद पुस्तकी नाही. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. नारळाच्या बागेत मोकळ्या राहणाऱ्या जागेत जायफळ, काळी मिरी, दालचिनी अशी मसाल्याची पिके घेण्याच्या पद्धतीला तेथे 'लाखी बाग' असे नाव मिळाले. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' ही दालचिनीची जात विकसित केली. तिच्या सालीत सुमारे ३ टक्के आणि पानांत सुमारे २ टक्के तेल असते. सालीसाठी फांद्या तोडल्या की पानांचा ढीग मागे उरतो. तो वाया न घालवता त्याचे तेल काढणे बागायतदाराला फायद्याचे आहे. अशा रीतीने एकाच बागेतून त्वक् आणि पत्र यांची दोन तेले निघू शकतात. ग्राहकाच्या हातातील बाटलीवर नुसते 'दालचिनी तेल' एवढेच छापले, तर गंगाधराने पाळलेला भेद पुसला जातो.

हा भेद पुसल्याने होणारा अपाय मोजता येतो. रॉबर्ट टिसेरँड आणि रॉडनी यंग यांचा बाष्पशील तेलांच्या सुरक्षिततेवरील ग्रंथ या क्षेत्रात प्रमाण मानला जातो. त्याच्या २०१४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्वचेवर लावावयाच्या मिश्रणासाठी दालचिनीच्या पानांच्या तेलाची कमाल मर्यादा ०.६ टक्के आणि सालीच्या तेलाची ०.०७ टक्के दिली आहे. एका मिलिलिटरात साधारण २० थेंब धरले, तर १०० मिलिलिटर खोबरेल तेलात पानांच्या तेलाचे १२ थेंब चालतील, सालीच्या तेलाचा मात्र जेमतेम एक. एकाचे प्रमाण दुसऱ्याला लावले, तर मर्यादा आठपटींहून अधिक ओलांडली जाते. सिनॅमाल्डिहाइडमुळे त्वचेची आग होते. शिवाय ते संवेदनशीलता निर्माण करणारे द्रव्य आहे, म्हणजे एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की पुढे अल्प मात्रेनेही पुरळ उठते, आणि ही प्रवृत्ती बहुधा जन्मभर टिकते. युरोपीय संघाने २००३ साली सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर नावानिशी छापणे सक्तीच्या केलेल्या २६ सुगंधी द्रव्यांत सिनॅमाल्डिहाइड आणि युजेनॉल ही दोन्ही आहेत.

३

दुसरा प्रश्न मात्रेचा. आपली गंधयुक्तीची परंपरा प्रमाणाबाबत बेफिकीर होती असे कोणी म्हणू नये. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीचा स्वतंत्र अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून चार चार द्रव्ये निरनिराळ्या प्रमाणांत घेतल्यास किती गंध सिद्ध होतील, याचे गणित तो मांडतो आणि १,७४,७२० ही संख्या देतो. गणिताच्या इतिहासकारांना हा अध्याय संयोजनशास्त्रासाठी प्रिय आहे. आपल्याला त्यातून एवढेच घ्यावयाचे की या शास्त्रात द्रव्याच्या नावाइतकाच त्याचा भाग महत्त्वाचा मानला जाई.

वैद्यकातही तेच. सितोपलादी चूर्ण बहुतेक मराठी घरांत ठाऊक असते. त्यात खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडा २ आणि त्वक् १ भाग. म्हणजे ३१ भागांत दालचिनी सर्वांत कमी. आता एक साधा हिशेब करू. सालीत ३ टक्के तेल धरले, तर १ ग्रॅम तेलासाठी सुमारे ३३ ग्रॅम साल लागते. ३३ ग्रॅम साल ज्या चूर्णात सामावेल ते चूर्ण होते सुमारे एक किलो. याचा अर्थ, बाटलीतील सालीच्या तेलाचा एक मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा, सुमारे एक किलो सितोपलादीतील दालचिनीच्या तेलाच्या बरोबरीचा आहे. एक किलो सितोपलादी एका बैठकीत खाण्याचा सल्ला कोणताही वैद्य देणार नाही. तरीही "दालचिनी तर आपण रोज खातो" असे म्हणून कोमट पाण्यात तेलाचे थेंब टाकून पिण्याचे सल्ले सर्रास दिले जातात.

येथे भाषेचा एक सापळा आहे. मराठीत 'तेल' हा शब्द दोन अगदी भिन्न वस्तूंसाठी वापरला जातो. तीळ वा नारळ घाण्यात पिळून निघते तेही तेल, आणि साल पाण्यासह तापवून वाफ थंड केल्यावर पाण्यापासून वेगळे होते तेही तेल. पहिले स्निग्ध, पोटात घेण्याजोगे, अंगाला चोळण्याजोगे. दुसरे बाष्पशील, आणि पहिल्याच्या शंभर भागांत त्याचा एखादा भागही पुष्कळ होतो. जुन्या ग्रंथांतील सुगंधी तैले ही मुख्यतः तिळतेलात फुले किंवा साली मुरवून वा शिजवून सिद्ध केलेली असत. म्हणजे जे सौम्यीकरण आज ग्राहकाने स्वतः करावयाचे असते, ते त्या तैलात मुळातच झालेले असे. ग्रंथातील 'त्वक्-तैल' वाचून बाटलीतील दालचिनी तेल अंगावर ओतणे हे शब्द तोच ठेवून वस्तू बदलण्यासारखे आहे. अर्थ लावण्याची ही चूक वर्गात झाली तर गुण जातात. येथे कातडी भाजते.

ऊर्ध्वपातनाने निघणाऱ्या तेलाची नवलाई इतिहासानेही नोंदविली आहे. गुलाबपाण्यावर तरंगणाऱ्या तवंगातून गुलाबाचे अत्तर नूरजहानच्या आईने प्रथम गोळा केले, असे जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. हा शोध तिचाच का, याविषयी अभ्यासकांत चर्चा होऊ शकेल. परंतु सतराव्या शतकाच्या आरंभी एका बादशहाला तो तवंग नवा आणि आश्चर्यकारक वाटला, ही नोंद बोलकी आहे.

४

'अरोमाथेरपी' ही संज्ञा याहून पुष्कळ अलीकडची. रने-मोरिस गातफोसे या सुगंधव्यवसायातील फ्रेंच रसायनज्ञाने १९३७ साली तिला आपल्या पुस्तकाचे शीर्षक केले. १९१० मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात त्याचे हात भाजले होते. लोकप्रिय कथेत तो जळता हात जवळच्या लव्हेंडर तेलाच्या भांड्यात बुडवतो आणि चमत्कार घडतो. त्याची स्वतःची हकीकत अधिक साधी आहे. जखमांत पुढे कोथ पसरू लागला, आणि लव्हेंडरच्या अर्काने जखम धुतल्यावर तो थांबला, एवढेच तो सांगतो. जंतुनाशक धावनाची एक वैयक्तिक नोंद सांगता सांगता दंतकथा झाली. पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्यांना ही प्रक्रिया परिचित असेल.

आपल्या बाजूचे चित्र फार वेगळे नाही. 'गंधसारा'च्या आरंभी या शास्त्राची जी फळे सांगितली आहेत त्यांत देवपूजा, माणसाची पुष्टी, दारिद्र्याचा परिहार, राजाचा संतोष आणि चतुर स्त्रियांच्या मनाचा आनंद ही येतात. 'पुष्टी' हा शब्द त्यात आहे. ज्वर, कास, प्रमेह अशा कोणत्याही रोगाचे नाव नाही. गंधशास्त्र आणि आयुर्वेद हे शेजारी होते आणि त्यांची द्रव्ये पुष्कळशी एक होती. परंतु एका शास्त्राचा दावा दुसऱ्याच्या तोंडी घालणे हा दोघांवरही अन्याय आहे.

मग दालचिनी तेलाचे खरे उपयोग कोणते? खाद्यपदार्थांना स्वाद देणे, साबण, दंतमंजन आणि सुगंधद्रव्ये यांत अत्यल्प प्रमाणात वापरणे, हे त्याचे जुने आणि सिद्ध क्षेत्र. प्रयोगशाळेतील बशीत ते अनेक जिवाणू आणि बुरशींची वाढ रोखते, हेही खरे. परंतु बशीत जंतू मारणारी मात्रा मानवी शरीरात निर्धोक असतेच असे नाही, आणि या तेलाच्या वासाने एखादा रोग बरा होतो असे म्हणण्याजोगा भक्कम पुरावा नाही. उबदार, ओळखीचा वास मनाला बरा वाटतो, घर प्रसन्न करतो. सुगंधोपचाराकडून एवढी अपेक्षा ठेवणे रास्त होय.

त्यासाठीही काही पथ्ये आहेत. तेल कधीही पिऊ नये, आणि मुलांच्या हाती लागेल असे ठेवू नये, कारण थोडे तेलही मुलाच्या पोटात गेल्यास गंभीर प्रकृतिबिघाड होऊ शकतो. तसे घडल्यास उलटी करविण्याच्या फंदात न पडता तत्काळ रुग्णालय गाठावे. त्वचेवर शुद्ध तेल लावू नये. स्नानाच्या पाण्यात थेंब टाकू नयेत, कारण ते पाण्यात विरघळत नाहीत, तसेच अंगाला चिकटतात. सालीचे तेल त्वचेसाठी टाळणेच श्रेयस्कर. खोलीत वास पसरवावयाचा असेल तर थेंब मोजके, वेळ थोडा, खिडकी उघडी. दमा असलेल्यांनी जपावे. युजेनॉल रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा आणू शकते. म्हणून रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी, डॉक्टरांना विचारल्यावाचून हे तेल वापरू नये. तान्ह्या मुलांसाठी ते नाहीच.

५

'गंधसारा'च्या पहिल्या प्रकरणात द्रव्यावर करावयाच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. तिसऱ्यात द्रव्यांचा निघंटु आणि त्यांची परीक्षा येते. कस्तुरीसारखे महाग द्रव्य खरे की बनावट, हे ओळखण्याची चिंता या परंपरेला सतत होती. सुगंध मोहक असतो, म्हणून त्यात भेसळ सोपी असते. ज्या परंपरेचा दाखला देऊन आज तेले विश्वासाने विकली जातात, ती परंपरा स्वतः विक्रेत्यावर विश्वास ठेवीत नसे. ती परीक्षा करावयास सांगे. आज हीच परीक्षा वायुवर्णलेखन यंत्राने होते आणि त्यात प्रत्येक घटकाचे प्रमाण कळते. बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, तेल कोणत्या भागाचे, आणि घटकांच्या तपासणीचा दाखला नसेल, तर 'शुद्ध' आणि 'नैसर्गिक' या दोन विशेषणांना तेथे अर्थ उरत नाही.

येथे पुन्हा गोडे यांच्या कार्यपद्धतीकडे पाहणे उचित ठरेल. 'गंधवादा'चा आणि त्याच्या मराठी टीकेचा काळ त्यांनी सुमारे १३५० ते १५५० असा दिला. दोनशे वर्षांचा हा पल्ला पाहून एखाद्याला तो अपुरा निर्णय वाटेल. प्राचीनतेचा अभिमान बाळगणाऱ्या काळात हा ग्रंथ आणखी हजार वर्षे मागे ढकलणे सोपे होते आणि त्याला टाळ्याही मिळाल्या असत्या. गोडे यांनी पुरावा जेथवर नेतो तेथवरच जावे आणि उरलेले अंतर उघडे ठेवावे, असा मार्ग पत्करला. ग्रंथात काय आहे, ते कोणत्या काळाचे आहे आणि त्यातला शब्द कोणत्या वस्तूला लागतो, हे तीन प्रश्न त्यांनी आधी विचारले.

दालचिनीच्या बाटलीसमोर तेच तीन प्रश्न थोडे बदलून विचारता येतात : झाडाचा भाग कोणता, मात्रा किती आणि परीक्षा कोणी केली. 'ग्रंथात आहे' या विधानाची छाननी रसायनज्ञ करणार नाही, कारण तो त्याचा विषय नव्हे. ती जबाबदारी संस्कृत आणि मराठी वाचू शकणाऱ्यांची आहे. 'गंधवादा'ची मराठी टीका छापून चार दशके होत आली. तिच्यातील संज्ञांचा कोश एखाद्या मराठी विभागाने हाती घेतला, तर जुन्या गद्याच्या अभ्यासात भर पडेल आणि 'तेल' या शब्दाखाली आज जे खपवले जाते, त्याची तपासणी करावयास एक विश्वसनीय साधनही मिळेल.